सूतकाकू

चांद्याहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालेल्या प्रवाशास वैनगंगा ओलांडण्यापूर्वी सावली हे गाव लागते. आणि या धानाच्या मुलखात, जेथे कापसाचे बोंड औषधालाही सापडणे कठीण, तेथे खादीचे एवढे मोठे कार्य उभे राहावे की १९३६ साली गांधी सेवा संघाने आपले अधिवेशन याच गावी भरवावे व साक्षात गांधीजींनी त्यास उपस्थित राहावे, या योगायोगाचा अभिमान गावास आजही आहे. त्या अभिमानाचा व्यावहारिक भार मात्र सूत कातणाऱ्या सूतकाकूंच्या घरच्या माणसांनी वाहिला आहे. सूतकाकू ही व्यक्ती एक नव्हे. प्रत्येक आळीत तिची एक आवृत्ती नांदते, आणि सर्व आवृत्त्यांत पतिराजांचा चहा सारखाच उशिरा होतो.

"जरासा दम धरा ना जी, एवढा पेळू संपू द्या," हे त्यांपैकी एका काकूंचे चहाच्या मागणीस उत्तर. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, संपतो, तोच काकूंचा हात दुसऱ्या पेळूकडे वळतो, आणि ज्यांनी नोकरीभर शेतकऱ्यांस 'उद्या या' असे सांगून परत पाठविले ते त्यांचे पती, सेवानिवृत्त पटवारीबुवा, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर अर्जदारासारखे तिष्ठत राहतात. चरख्याने माणूस सुतासारखा सरळ होतो असे प्रचारक सांगत, ते खरे असावे. फक्त सरळ होणारा माणूस कातणाराच असतो असे नाही.

१९३५ साली गांधीजींनी असा आग्रह धरला की, कातणारणीस आठ तासांच्या कामाची निर्वाहापुरती मजुरी मिळावी. हेतू अत्यंत उदात्त होता. परंतु चुलीवर भात, गोठ्यात गाय आणि कडेवर नातू असलेल्या बाईस सलग आठ तास कोणी द्यावयाचे, या बाबीचा खुलासा मात्र कोणत्याही ठरावात माझ्या पाहण्यात नाही. काकूंनी तो आपल्या परीने केला. त्यांनी आठ तासांचे तुकडे पाडून ते दिवसभरात असे काही पेरले की, संसारच चरख्याच्या फटींतून चालू लागला. वैशाखात कोरड्या हवेने तार पटापट तुटते, म्हणून त्या दिवसांत कताई पहाटे, गारव्यात. आणि काकू उठल्या म्हणजे घरात दुसऱ्या कोणास निजण्याचा अधिकार उरत नाही. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर पाहून मुलगा उजाडता घरी आला, की त्याची झोप सूत गुंडाळण्याच्या फाळक्याशी बसूनच पुरी व्हावयाची. फाळक्याचा वेढा चार फुटांचा. एक वेढा म्हणजे एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, आणि चार लट्यांची गुंडी. हे कोष्टक नातवाच्या इतके अंगवळणी पडले की, शाळेत गुरुजींनी एकशे साठानंतर काय येते असे विचारताच, "लटी बांधाची," असे उत्तर त्याने निःशंक दिले. गुरुजींच्या घरीही एक सूतकाकू असल्यामुळे त्यांनी ते ग्राह्य धरले.

धाकट्या जाऊबाईंचा पंथ निराळा. त्या कोश्याच्या, म्हणजे रानरेशमाच्या. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचे ते टणक कोश सोडा घालून शिजवावयाचे, आणि मऊ झाले म्हणजे त्यांतून धागा ओढून मांडीवर वळावयाचा. ही कला पाहण्यास मनोहर, हुंगण्यास मात्र अवघड. चूल एकच असल्याने भाताचे पातेले व कोशांचे पातेले यांच्यात हद्दीचा तंटा नित्याचा असतो. एकदा व्याह्यांनी आमटीच्या आशेने झाकण उचलले. त्यानंतर त्यांनी तीन दिवसांचा मुक्काम एका दिवसावर आणला, आणि दोन्ही जावांचे एकमत झालेला तेवढा एकच प्रसंग माझ्या ऐकिवात आहे.

आषाढात रोवणी लागली म्हणजे मात्र काकू धानाच्या बांधीत उतरतात आणि चरखा स्वस्थ बसतो. गेल्या वर्षी तो स्वस्थ बसला नाही. काकू चिखलात असता पटवारीबुवांनी दार लोटून घेऊन, ज्या हातांनी गावची जरीब ओढली त्याच हातांनी तार ओढण्याचा उद्योग आरंभिला, आणि निघालेले सूत काकूंच्या गुंड्यांत बेमालूम मिसळून दिले. बेमालूम हे त्यांचे मत. सूत घेणाऱ्या नाग विदर्भ चरखा संघाच्या कारकुनाने गुंडी बोटांत धरताक्षणी एकीकडे सुतळी व दुसरीकडे कोळ्याचे जाळे असल्याचे ताडले, आणि मजुरीत कपात झाली.

घरी रीतसर चौकशी बसली. काकूंनी गुंडी पुढ्यात टाकली व विचारले, "हे काहून जी?" पटवारीबुवांनी तोंडी जबाब नाकारून लेखी कैफियत सादर केली. तीत, बाहेर पावसाची झड लागलेली असतानाही, साऱ्या दोषाचे खापर त्यांनी हवेच्या कोरडेपणावर फोडले असून, पुढील खुलाशासाठी दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे.