खर्चाचा उपदेश नागापूरला नको

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. तेव्हापासून जो तो सांगतोय: हात सैल सोडा, बाजारात पैसा खेळू द्या. नगर-मनमाड रस्त्यावरच्या नागापूरला हे सांगणाऱ्यांची मला चीड येते.

म्हणणं खोटं नाही. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई. गाड्या खपल्या की सुट्या भागांच्या ऑर्डरी येतात, नागापूर एमआयडीसीतल्या शेडमध्ये ओव्हरटाइम लागतो. सगळ्यांनी एकदम मूठ आवळली तर सगळ्यांचीच कमाई आटते, हे अर्थतज्ज्ञ केन्सने 1936 सालीच मांडलं. पण मूठ आवळली का जाते, ते कुणी विचारायचं?

संध्याकाळी पाळी सुटताना गेटसमोरच्या टपरीवर थांबा. रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला येतो. टपरीवाला गल्ल्यातून पन्नासाच्या दोन नोटा काढतो, छोट्या मशिनमधून पावती निघते, ती तो न वाचता बरणीखाली सरकवतो. शेजारी चहा पिणारा पोरगा कंत्राटी. ब्रेक दिला की पुढची हजेरी कधी लागेल ते सुपरवायझरलाही सांगता येत नाही. आजारपण निघालं, काम सुटलं, तर त्याला सावरायला अशी रोज साठवलेली शिल्लकच. त्याला कंजूष म्हणायची हिंमत कुणी करू नये.

आणि या शिल्लकेचं नगरमध्ये काय झालं? 1910 साली स्थापन झालेली नगर अर्बन बँक. 6 डिसेंबर 2021 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खात्यात कितीही असो, हातात दहा हजार. 4 ऑक्टोबर 2023 ला परवानाच रद्द. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण, त्यावरची रक्कम अवसायनात काय वसूल होईल त्यावर अवलंबून. निवृत्तीची सगळी पुंजी एका जागी ठेवणाऱ्याने आता मोटारसायकल घ्यायची? पतसंस्थेतल्या ठेवींना तर हा विमाही नाही, आणि टपरीवरची पिग्मी बहुतेक वेळा पतसंस्थेचीच असते.

बचतीमुळे पैसा अडकून पडतो, हेही या जिल्ह्यात उभं राहून बोलू नये. लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी राहिले, आणि 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्याने पोटाला चिमटा घेऊन बाजूला काढलेल्या पैशातून बॉयलर पेटला, ऊसतोडीला आणि वाहतुकीला काम मिळालं. साठवलेला पैसा योग्य कर्जदाराकडे गेला तर त्यातून लेथ येते, शेड उभी राहते. संचालकांच्या गोतावळ्यात गेला तर बुडतो. अर्थव्यवस्थेचं भलं-बुरं तिथे ठरतं, टपरीवाल्याच्या शंभर रुपयांत नव्हे.

खर्च करायला सांगायचंच असेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तो त्यांनी नवी गुंतवणूक करावी म्हणून. ती अपेक्षेइतकी झाली नाही. त्यांच्याकडे हिशेब मागायला मात्र कुणी माइक घेऊन जात नाही.

कायम कामाला कायम नोकरी द्या. पतसंस्थांच्या ठेवींना बँकेसारखा विमा द्या. पाच लाखांची मर्यादा 2020 पासून तिथेच आहे, ती वाढवा. कर्ज बुडवणाऱ्या संचालकांची मालमत्ता ठेवीदार म्हातारे व्हायच्या आत विका. एवढं झालं की नागापूरचा पोरगा स्वतःहून शोरूमची पायरी चढेल, त्याला जाहिरातही लागणार नाही.