ऱ्हस्व उकार

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचे आणि मजकुराशी काडीचा संबंध ठेवायचा नाही. पाककृतींची चार पुस्तकं तपासली, तरी मला साधा वरणभात येत नाही. आणि हृदयविकारावरच्या एका जाडजूड ग्रंथाचं शेवटचं प्रूफ मी कांदाभज्यांच्या दोन प्लेट संपवत वाचलं. कानावरचं लाल पेन मात्र अंघोळीपुरतंच उतरतं.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. चकलीची भाजणी दळून आणायला ही गिरणीत निघाली आणि दारातून म्हणाली, "अहो, जमलं तर माळ्यावरचे डबे तेवढे काढून ठेवा." त्या "जमलं तर"मध्ये अठ्ठावीस वर्षांचा संसार होता. मला ते लागलं. डबे काय कोणीही काढेल, आपण संडासच लख्ख करून दाखवू, असं मी ठरवलं.

आमच्या इमारतीला बोअरचं पाणी. भांड्यावर क्षारांचे पिवळे ओघळ बसलेले. संडास साफ करायची निळी बाटली मी सढळ हाताने रिकामी केली, दहा मिनिटं थांबायचं म्हणून स्टुलावर बसून सवयीप्रमाणे हाताला लागेल ते वाचत वेळ काढला, मग घासून पाहिलं, तर ओघळ जागचे हलले नाहीत. तेवढ्यात मोरीच्या फळीवर कपड्यांच्या ब्लीचची पांढरी बाटली दिसली. एकाने डाग निघतो, दुसऱ्यानेही निघतो, मग दोन्हींनी किती निघेल! एकाच आमटीत चिंच आणि आमसूल दोन्ही पडत नाहीत, हे मी चार पुस्तकांत तपासलं होतं, पण ते आठवायला ते आधी वाचलेलं असावं लागतं. बाहेर आई मालिका बघत होती. तिला वास नको म्हणून दार लावून घेतलं, डासांसाठी खिडकी सकाळपासून बंदच होती, आणि मी उकिडवा बसून, नाक भांड्याच्या काठाशी नेऊन, ब्लीच ओतलं.

आधी फसफसलं. मग पोहण्याच्या तलावाचा वास आला, आणि मी "वा, स्वच्छतेचा वास!" असं म्हणेपर्यंत कोणी घशात मिरचीची धुरी दिल्यासारखं झालं, खोकल्याची उबळ आली, चष्मा निसटला, तो पकडायला गेलो तर ब्रशच्या ताठ केसांनी एक शिंतोडा नेमका डाव्या डोळ्यात मारला, आणि वीस वर्षं रोज उघडतोय ती कडी मला सापडेना.

सापडली एकदाची. बाहेर आलो तो लुंगी आणि बनियनवर.

"ठसका लागला का रे?" आईने मालिकेवरची नजर न काढता विचारलं. मग माझा चेहरा पाहिला आणि तिची औषधं सुरू झाली. डोळ्यात दुधाचे थेंब घालते, आणि मिठाचं पाणी पिऊन आधी ओकून टाक. मी मिठाचा डबा शोधायलाही लागलो होतो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे सर खोकला ऐकून वर आले. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. दारातच त्यांना वास कळला.

"आजी, टीव्ही राहू दे, आधी बाहेर चला. आणि तुम्ही कुठे परत आत निघालात?"

मी फ्लश ओढायला निघालो होतो. सरांनी मला बनियनला धरून जिना उतरवला, खालच्या बागेच्या नळाखाली माझं डोकं वाकडं धरलं, डावा डोळा खालच्या बाजूला, म्हणजे धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही, आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं! दूध नाही, गुलाबपाणी नाही, नुसतं वाहतं पाणी. दूधवाला, वॉचमन आणि क्रिकेट खेळणारी सगळी मुलं गोळा झाल्यावर सरांना वर्ग मिळाला. निळ्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड, पांढरीत सोडियम हायपोक्लोराइट, दोन्ही मिळाले की क्लोरीन. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तोच वायू. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून खाली बसतो.

"आणि काका कुठे होते?" एका मुलाने विचारलं.

मीही खालीच बसलो होतो.

"सर, पाणी फार गार आहे हो."

"बारा मिनिटं झाली. अजून आठ."

पुढे दवाखाना. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, आणि क्लोरीनचा त्रास कधीकधी काही तासांनी उफाळतो म्हणून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. आईने मिठाच्या पाण्याचा विषय काढला, तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "आजी, असलं काही कोणी प्यायलंच, तरी उलटी काढायची नाही. जाताना जे भाजतं, ते वर येतानाही भाजतं. तोंड धुवा, बाटली घ्या आणि इकडे या." तोवर ही गिरणीतून थेट दवाखान्यात आली होती, केसांवर पीठ तसंच. तिने डॉक्टरांना माझा पूर्वेतिहास सांगितला: गेल्या वर्षी कोकम सरबताच्या बाटलीत फिनेल भरून ठेवणारे ते हेच.

रात्री खिडक्या सताड उघड्या टाकून आम्ही घरात बसलो. सर निळी बाटली परत द्यायला आले होते.

"अहो, एवढं ढळढळीत छापलंय यावर! वाचायचं तरी..." म्हणत त्यांनी बाटली दिव्याखाली धरली आणि गप्प झाले. मग ती हिच्या हातात दिली.

'ब्लीच किंवा इतर रसायनांत मिसळु नये.' त्यातल्या 'ळु'वर लाल शाईची तिरकी रेघ होती, आणि लेबलाच्या कडेला, माझ्या वळणदार अक्षरात, 'ळू'.

ही काही बोलली नाही. स्टूल ओढलं आणि माळ्यावरचे डबे काढायला लागली.