मालिकांतील ज्योत: प्रकार आणि उपयोग

दूरचित्रवाणीवरील प्रेममालिकांत ज्योत मुख्यतः तीन ठिकाणी आढळते: मेणबत्तीवर, समईत आणि होमकुंडात. मेणबत्ती लग्नाआधीच्या प्रेमासाठी राखीव असते. नायक गच्चीवर शेकडो मेणबत्त्या लावतो. त्या कोणी आणल्या आणि भर वाऱ्यात पेटल्या कशा, हे विचारायचे नसते. प्रेमाची कबुली ओठांवर येईपर्यंत तीन भाग उलटतात, तरी मेण तसूभरही वितळत नाही.

समई लग्नानंतरची. देव्हाऱ्यात तेवत ती नायकाच्या प्रकृतीची खबर डॉक्टरांच्याही आधी देते. तिकडे घाटात गाडीचा ब्रेक निकामी झाला की इकडे ज्योत फडफडते. नायिका दोन्ही तळहातांचा आडोसा धरते आणि तिकडे रुग्णाची नाडी लागते. समईत तेल घालावे, वातीची काजळी झाडावी, खिडकी लावावी, हे उपाय घरातल्या कोणालाच सुचत नाहीत.

होमकुंडाचे काम लग्न लांबवण्याचे. सप्तपदीतले सातवे पाऊल पडण्याआधी दारातून ‘थांबा!’ ऐकू येते आणि अग्नीला साक्षीऐवजी धूर तेवढा देता येतो.

‘स्टार प्लस’वरील ‘दिया और बाती हम’ या हिंदी मालिकेने दिवा आणि वात थेट नावातच बसवली. ती २०११ ते २०१६ अशी पाच वर्षे तेवली. अशा ज्योतीला तेल लागते ते जाहिरातींचे. टीआरपी घसरला की ती कोणी फुंकर न घालताही विझते.