मुकादमसाहेब, पाळीचा खाडा लावू नका

मुकादमसाहेब,

हिशेबाला तुम्ही पक्के. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीआधी उचल, आणि दोघांतलं एक जरी उसाच्या फडात आलं नाही तरी खाडा, म्हणजे दंड. पाचशे, कधी हजार रुपये. ताप असो की पाळी, दर तोच. पोट धरून बसलेल्या बाईला वर ऐकवायचं, नाटकं करू नकोस.

ते नाटक काय असतं, ऐका. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. ते जास्त झालं की पिशवी इतकी आवळते की तिचाच रक्तपुरवठा कमी पडतो. कळ ओटीपोटातून कमरेत, मांड्यांत उतरते. मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर. बहुधा पहिले दोन-तीन दिवस. त्याच दिवसांत ती पहाटेच्या अंधारात ऊस तोडते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते, आणि कापड बदलायला तिला ना आडोसा, ना पाणी.

वेळेवर, काही खाऊन घेतलेली वेदनाशामक गोळी, शेक आणि विश्रांती यांनी बहुतेकींना उतार पडतो. पण दुखणं वर्षागणिक वाढत गेलं, पाळी सरली तरी राहिलं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला दुखू लागलं, तर एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखी ऊती पिशवीबाहेर वाढणं) आहे, गाठी आहेत की जंतुसंसर्ग, हे तपासावंच लागतं. आणि तपासणीला जायचं तर पुन्हा तुमचा खाडा!

म्हणून बायका पिशवीच काढून टाकतात. 2019 मध्ये याच्या चौकशीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोर बीड जिल्ह्याचे आकडे आले: 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. सोबत बीजकोश गेले की रजोनिवृत्ती एकदम अंगावर येते, हाडं ठिसूळ होतात. ऑपरेशनला पैसे नसले की उचल द्यायला तुम्ही हजर, आणि ती फिटेपर्यंत पुढचे हंगाम तुमचेच. कारखानदार आणि पिशव्या काढणारे डॉक्टरही यात आहेत, त्यांना मी सोडत नाही. पण खाड्याची वही तुमच्या हातात आहे.

यंदा कोयते ठरवताना प्रत्येक बाईच्या नावापुढे महिन्याला दोन दिवस बिनखाड्याचे लिहा. फडाजवळ पाणी आणि आडोसा कारखान्याकडून मागून घ्या. ऑपरेशनसाठी उचल मागायला कुणी आली, तर आधी तिला सरकारी दवाखान्यात तपासायला पाठवा. त्या दिवसाचाही खाडा नको.