तापाची इशारा पातळी

आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापुरात दोन आवाज हमखास ऐकू येतात, एक पी ढबाक वाजंत्रीचा आणि दुसरा कुकरच्या शिट्ट्यांचा. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन गल्ल्या आणि तालमी टेंबलाईच्या टेकडीकडं निघतात. देवीच्या पायरीवर पाणी ओतायचं, रोगराई गावाकडं फिरकू देऊ नकोस म्हणून साकडं घालायचं आणि घरी येऊन मटणावर आडवा हात मारायचा. रोगराई टळावी म्हणून खांद्याला खांदा लावून गर्दी करायची, ही आमची पिढीजात आरोग्ययोजना आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रश्न पुढच्या जेवणाचा आहे.

कारण जेवणाचं बोलावणं येतं ते असं : "शुक्रवारी समदी जेवायला या. आखाड हाय. पांढरा रस्सा वैनी करणार, म्हंजे बघायलाच नको. आणि हां, धाकट्याच्या अंगावर जरा फोड उठल्यात. पण त्यो माडीवर असतोय."

फोन ठेवला की घरात परिषद भरते. जायचं की नाही? बाहेरच्या माणसाला वाटेल, आता कांजिण्या कशा पसरतात याची चर्चा होईल. छे! चर्चा अशी होते : आपल्या वास्तुशांतीला ते आले होते का? आले होते, तर आहेर काय केला होता? पतसंस्थेत आपल्या कर्जाचा कागद सध्या कुणाच्या टेबलावर आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं समाधानकारक निघाली, तर कांजिण्या म्हणजे 'लहान पोरांचं काय एवढं' ठरतात. एकाही उत्तरात खोट निघाली, तर तोच रोग महाभयंकर होतो आणि "आमच्या आईंचं वय झालंय वो" असा निरोप जातो. आई त्या वेळी शेजारणीबरोबर महाद्वार रोडवर साड्या बघत असतात.

गंमत म्हणजे या परिषदेला काडीचा अर्थ नसतो. कांजिण्या फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीच पसरायला लागतात आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरत राहतात. गोवर तर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून कामाला लागलेला असतो. फ्लूचा माणूस शिंकायला लागण्याच्या आदल्या दिवशीच प्रसाद वाटून मोकळा झालेला असतो. म्हणजे माडीवरच्या ज्या धाकट्याला आपण आज घाबरतोय, तो परवा संध्याकाळी रंकाळ्यावर आपल्याच पोराच्या भेळेत हात घालत होता. आपण ज्याला टाळतो तो रोगी जाहीर झालेला असतो. जाहीर न झालेला गंगावेशीत आपल्या शेजारी उभा राहून धारोष्ण दूध पीत असतो आणि वर आपल्याच पाठीवर थाप मारून "काय भावा, तब्येत?" विचारतो.

पण संसर्ग रोगावर नसून नात्यावर ठरतो, हा आमचा सिद्धांत आहे. साहेबांना ताप आला की तो कामाचा ताण असतो. त्यांना भेटायला जायचं, शहाळी न्यायची, पलंगाच्या कडेला टेकायचं. सख्ख्या भावाला तोच ताप आला की 'साथीचा' होतो आणि त्याची चौकशी फोनवर होते. घरकामाच्या मावशींच्या पोराला आला, तर मात्र साक्षात मरीआईच आली. "पोरगं बरं होईस्तोवर येऊ नका," असं सांगताना आमचा आवाज कसा काळजीनं भरून येतो! पगारातून खाडे कापताना तो पुन्हा कोरडा होतो. उलट आमच्या घरात चौघं अंथरुणाला खिळले की मावशींनी दोन्ही वेळा यायचं, कारण भांडी कोण घासणार? मावशींच्या घरातून आमच्याकडं येणारा जंतू आणि आमच्या घरातून त्यांच्याकडं जाणारा जंतू यांच्यात एवढा फरक कसा, यावर कुठल्या विद्यापीठात संशोधन झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले तेव्हाची आठवण काढा. कुणाचे डोळे लाल दिसले की माणसं तोंड फिरवत होती, कारण नजरेला नजर दिली की डोळे येतात, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत! ज्यांचे आले होते ते काळे गॉगल लावून बिनधास्त फिरत होते. साथ चढली तशी आख्खी पेठ सिनेमातल्या खलनायकांनी भरल्यासारखी दिसू लागली. गॉगल पुसलेल्या हातानं हस्तांदोलन चाललं होतं, घरात सगळ्यांना एकच टॉवेल होता, आणि विषाणू बिचारा हाता-टॉवेलावरून आरामात प्रवास करत होता. नजरेच्या वाटेनं यायला त्याला कुणी सांगितलं होतं? दोष मात्र सदैव बाहेरून आलेल्याला द्यायचा असतो. 1969 साली घानात अशीच डोळ्यांची साथ आली, त्याच सुमारास माणूस चंद्रावर जाऊन आला होता. लोकांनी रोगाला नावच 'अपोलो 11' ठेवलं. 1971 साली बंगालात निर्वासित आले आणि डोळेही आले, तेव्हा साथीचं बारसं 'जय बांगला' असं झालं. आमच्याकडं चंद्र लांब पडतो. म्हणून आम्ही शेजारच्या गल्लीवर भागवतो.

ही विद्या आजची नाही. प्लेगच्या काळात संस्थानातल्या लोकांना शाहू महाराजांच्या दरबारानं गावाबाहेर रानात झोपड्या घालून राहायला लावलं, भास्करराव जाधवांसारखा माणूस प्लेग कमिशनर नेमला. उपाय बरोबर होता, पण लोकांच्या मनात भीती होती ती शेजाऱ्याची. प्लेगची खरी ने-आण करत होत्या उंदरांवरच्या पिसवा. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं पिसवेकडं बोट दाखवलं, तर पुढं कित्येक वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांनीही ते मनावर घेतलं नाही. तेव्हा माणसं पळत होती माणसांपासून आणि वाचत होती उंदरांपासून.

2020 ला तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. चंदगड-आजऱ्याकडचा मुंबईकर म्हणजे एरवी गावाचा जावई. म्हाईच्या जत्रेला आला की हार, देवळाच्या कळसाला देणगी दिली की पाटीवर नाव. त्या वर्षी वेशीवर बाभळीचे फास टाकून त्याची वाट अडवली गेली. आत घेतलं ते शाळेच्या खोलीत. ज्या भिंतीवर देणगीदारांच्या यादीत त्याचं नाव रंगवलेलं, तिच्याकडं बघत त्यानं चौदा दिवस काढले. मी गावाला नावं ठेवत नाही. भीती खरी होती, दवाखाना लांब होता. फक्त कळसाची उरलेली वर्गणी मागायला त्याच आठवड्यात फोन गेला नसता तर बरं झालं असतं.

आणि पुढच्याच वर्षी पंचगंगेनं सगळ्यांची परीक्षा घेतली. 2021 च्या जुलैत कोरोनाचा जोर अजून ओसरला नव्हता, आणि तेवढ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 56 फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, चिखली, आंबेवाडी, शाहूपुरी, जिकडंतिकडं माणसं घराबाहेर. दारात उभ्या राहिलेल्या चुलत्याला दीड वर्ष 'बाहेरूनच बोला' म्हणणाऱ्या घरांनी त्या रात्री तीन-तीन कुटुंबं आत घेतली. एका चादरीखाली पाच-पाच पोरं झोपली. टेस्ट केली का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : "म्हशी कुठं बांधल्यात?"

पुरावरूनच मला एक योजना सुचली. जून उजाडला की आख्खं कोल्हापूर तासातासाला एकच प्रश्न विचारतं, पाणी किती फुटावर हाय? इशारा पातळी 39, धोका पातळी 43, हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पाणी वाढलं म्हणून कुणी पंचगंगेला नावं ठेवत नाही, की नदीच्या माहेरच्यांचा उद्धार करत नाही. आकडा कळला की माणूस निमूट जनावरं हलवतो. मग प्रत्येक घराच्या दारावर असाच एक फळा का नसावा? 'आज दोघांना ताप, एकाला खोकला, इशारा पातळी ओलांडली. जेवण रद्द, डबा मिळेल.' खाली तारीख. पाहुण्यानं फळा वाचावा, डबा घ्यावा आणि बिनरागाचं परत फिरावं.

योजना गल्लीतल्या मंडळाच्या बैठकीत मांडली. पहिली हरकत आली ती लग्नाळू मुलींच्या बापांची. त्यांचं चुकतंय असं म्हणता येत नाही. टीबीचा औषधोपचार नीट सुरू झाला की साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांपासून लागण होण्याची भीती उरत नाही, आणि साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांत संपतो. पण सोयरीक जमवणाऱ्यांच्या वहीत तो तीन पिढ्या चालतो. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की स्थळ गेलं. मग मुलगी 'मामाकडं शिकायला' जाते, गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात जातात आणि घर चारचौघांत मिसळत राहतं, कारण मिसळलं नाही तर लोक विचारतील. दुसरी हरकत हॉटेलवाल्यांची होती. तिसरी एका काकांची : "फळा लावला तर आम्ही न जाण्याचं कारण काय सांगायचं? भांडण हाय म्हणून?"

निर्णय अध्यक्षांवर सोपवायचं ठरलं, पण अध्यक्ष बैठकीला आलेच नव्हते. घरी पाहुणे आलेत, असा निरोप होता. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला हळूच म्हणाला, "खरं हाय की. पाहुण्यांसाठी सकाळीच पॅरासिटामॉलच्या चार पट्ट्या गेल्यात."