ऐन श्रावणात आयोवाच्या जत्रेत

आयोवाचा माणूस एरवी बढाई मारत नाही. पीक कसं आहे विचारलं, तर आभाळाकडे बघून ‘ठीक आहे’ एवढंच म्हणतो. वर्षभर तुंबलेली बढाई तो ऑगस्टमधल्या 11 दिवसांत डे मॉइनच्या राज्य मेळ्यात काट्यावर घालून दाखवतो. 1854 साली हा मेळा फेअरफील्ड गावात पहिल्यांदा भरला. 1886पासून त्याचा मुक्काम डे मॉइनच्या पूर्वेला. राज्याची वस्ती 32 लाखांच्या आसपास आणि मेळ्याला येणारे 10 लाखांवर. आकडा ऐकून आमचा नागपूरकर म्हणाला, “म्हणजे पार्किंगची बोंब आहे ना भाऊ.”

बोंब नव्हती, धंदा होता. आजूबाजूच्या घरांनी आपापली अंगणं गाड्यांसाठी भाड्याने काढली होती. एका आजीबाईंनी खुर्चीतून न उठता, नुसती पुठ्ठ्याची पाटी हलवत आमची गाडी त्यांच्या गुलाबापासून वीतभर अंतरावर उभी करवली. नागपूरकराने सवयीने घासाघीस काढली. आजींनी हसतमुखाने मागच्या गाडीला हात केला. मग आम्ही सांगितले तेवढे मोजले.

आमच्यात अडचण एकच होती. हा मेळा बहुतेक वर्षी श्रावणात येतो, आणि आमच्यातल्या कोल्हापूरकराने लग्नात कबूल केलेल्या मोजक्या गोष्टींत श्रावण पाळणं ही एक होती. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सदाशिव पेठेतल्या. कबुली विसरणाऱ्यातल्या नव्हेत.

इथे जे खायचं ते काठीवर. मक्याच्या पिठात बुडवून तळलेलं सॉसेज काठीवर, काकडीचं लोणचं काठीवर. अंडी उत्पादकांतर्फे उकडलेलं अंडं फुकट मिळतं, तेही काठीवर. 2011 साली तर इथे तळलेल्या लोण्याची काठी निघाली. सगळ्यांत मान मात्र पोर्क चॉपचा. त्याला वेगळी काठी लागत नाही. बरगडीचं हाडच मूठ म्हणून लांब राखलेलं असतं. या राज्यात माणशी सातएक डुकरं पडतात, तेव्हा काठ्यांचा तुटवडा नसावा. कोल्हापूरकराने ती रचना फार वेळ आणि फार जवळून न्याहाळली.

“काय चाललंय?” वहिनी.

“इंजिनिअरिंग बघतोय.”

वहिनींनी त्याला दंडाला धरून लोण्याच्या गाईकडे वळवलं. ही गाय या मेळ्याचं दैवत. 1911पासून मेळ्यात घडवतात. आत लाकडाचा आणि लोखंडी जाळीचा सांगाडा, वर सुमारे 600 पौंड, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास लोणी. काचेच्या थंडगार खोलीत उभी असते, आणि बाहेर घामाने निथळणारी माणसं मुखदर्शनाच्या रांगेत असावीत तशी पुढे सरकत असतात. नॉर्मा लायन या बाईंनी 1960पासून जवळजवळ अर्धं शतक ही गाय घडवली. 1999 साली तर येशूचं शेवटचं भोजन लोण्यात उभं केलं, शिष्यांसकट. लोणी मेळ्यागणिक नवं घेत नाहीत, तेच दहादहा वर्षं पुन्हा वापरतात. हे कळल्यावर वहिनींचा भक्तिभाव ओसरला.

“दहा वर्षांचं लोणी! अहो, कढवून ठेवायला काय झालं होतं यांना?”

एवढं लोणी एका माणसाला संपवायचं तर दोन जन्म लागतील, असा मेळ्यातला हिशेब आहे. कोल्हापूरकर काचेला नाक लावून म्हणाला, “एक पुरेल.”

पुढे सगळ्यांत मोठ्या डुकराचा गोठा. स्पर्धेतला पहिला नंबर 1200 पौंडांच्या पुढेही जातो, म्हणजे साधारण साडेपाचशे किलो. विजेता पंख्याखाली आडवा पडून झोपला होता. भोवती पन्नासेक माणसं गप्प उभी. दहा मिनिटांनी त्याने एक कान हलवला, तेव्हा पोरं बापाच्या खांद्यावरून ओरडली आणि बापांनी फोन वर केले. मान मिळवायला काय करावं लागतं याबद्दलचे माझे बरेच गैरसमज त्या गोठ्यात दूर झाले.

वहिनींना अखेर कणीस मिळालं. भाजलेलं, सालं मागे सोलून त्यांचीच मूठ केलेली. गाड्यावरच्या पोराने ते पातळ लोण्याच्या उंच डब्यात गळ्यापर्यंत बुचकळलं आणि ठिबकत हातात दिलं. वहिनींनी आधी विचारलं, “हे लोणी यंदाचं आहे ना?” पोरगा बिचारा शपथेवर हो म्हणाला.

राजकारणी मंडळीही इथे येतात. निवडणुकीआधी राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक गवताच्या गठ्ठ्यांजवळ उभे राहून भाषण ठोकतात आणि मग छायाचित्रकारांसमोर चॉप भाजतात. आम्ही गेलो त्या वर्षी निवडणूक नव्हती, त्यामुळे चॉप जाणकारांच्या हाती होते.

सगळ्यांत रंगली ती नवऱ्याला हाक मारण्याची स्पर्धा. ही खरोखर असते. डुकरांना हाक मारण्याचीही असते, वेगळी. एकेक बाई मंचावर येते, पोटातून श्वास घेते आणि शेतात असलेल्या नवऱ्याला जेवायला बोलावते. सत्तरीच्या एका बाईंनी असा सूर लावला की माझ्या पुढच्या रांगेतले तीन पुरुष अर्धवट उठले. त्यातल्या एकाचीही ती बायको नव्हती. परीक्षक गंभीरपणे गुण लिहीत होते. नवरा आला की नाही, हे कुणी बघत नव्हतं.

“आवाज आहे, पण धाक नाही,” वहिनींनी निकाल दिला, आणि धाक कुणाला वाटायला हवा हे बघायला शेजारी वळल्या. खुर्ची रिकामी होती.

नागपूरकर म्हणाला, “डुक्कर बघायला गेला असन परत.”

वहिनी बाहेर आल्या, मधल्या मोठ्या रस्त्यावर उभ्या राहिल्या, पदराऐवजी ओढणी खोचली आणि एकच हाक दिली. फुग्यांचा गाडा थबकला. बाकावरच्या दोन आयोवाकर आजींनी एकमेकींकडे बघून टाळ्या वाजवल्या. एकीने तर फॉर्म कुठे मिळतो, तेही सांगितलं.

गर्दीतून कोल्हापूरकर आला. चेहरा तृप्त, मिशीला चकाकी, एक हात पाठीमागे.

“हातात काय आहे?”

त्याने हात पुढे केला. हाड स्वच्छ चाटलेलं होतं.

“अगं, नुसती काठी आहे.”