अक्का कुणाचं ऐकत नाहीत

आमच्या सोसायटीत सगळ्यात बुटकं आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचं कोण, असं विचारलं तर वॉचमनसुद्धा तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतो. तिथे आमच्या अक्का राहतात. जात डॅशहाऊंड, रंग तपकिरी, स्वभाव निवृत्त मुख्याध्यापिकेचा. मुलीने कौतुकाने ‘ब्राऊनी’ नाव ठेवलं होतं. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, म्हणाल्या, “ही थेट आमच्या थोरल्या वन्संसारखी बघते,” आणि नाव अक्का पडलं. मग अहो-जाहो ओघानेच आलं. “अक्का, सोफ्यावरून उतरा बघू” असं सासूबाई म्हणतात आणि अक्का उतरत नाहीत. थोरल्या वन्संही उतरल्या नसत्या.

कुत्रा म्हणजे आज्ञाधारक प्राणी, ही समजूत लॅब्रॅडॉरवाल्यांनी पसरवलेली आहे. लॅब्रॅडॉरचं कामच मुळी मालकाने सांगितलेला पक्षी आणून देण्याचं. डॅशहाऊंडची नोकरी वेगळी. जर्मन शिकाऱ्यांनी ही जात घडवली ती बॅजर नावाच्या, जमिनीखाली घर करून राहणाऱ्या, नखांनी-दातांनी पक्क्या जनावराच्या मागे बिळात घुसायला. शिकारी वर, कुत्रा खाली, अंधारात, समोर स्वतःएवढ्याच वजनाचं चिडलेलं जनावर. तिथे “बस”, “थांब”, “शहाणी माझी ती” हे कोण ऐकवणार? पुढे व्हायचं की मागे सरायचं, हे कुत्र्याने एकट्याने ठरवायचं. पिढ्यान्‌पिढ्या असे निर्णय घेणाऱ्या घराण्यातल्या व्यक्तीला तुम्ही ठाण्यात आणून “शेकहँड” म्हणता, आणि ती तुमच्याकडे बघून जांभई देते, यात तिचं काय चुकलं?

बाकीचं शरीरही त्याच नोकरीचं. पाय आखूड, पुढचे पंजे फावड्यासारखे, छाती खोल. त्या छातीतून निघालेला आवाज जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावा, अशी सोय केलेली. आमच्याकडे तो आवाज कुरिअरवाला आला की निघतो आणि चौथ्या मजल्यावरचे काका दार उघडतात. जर्मनीत या कुत्र्यांचे आकार वजनाऐवजी छातीच्या घेरावर ठरवतात. कुठला गडी कुठल्या बिळात मावेल, याचा तो साधा हिशोब. सगळ्यात लहान प्रकार तर सशाच्या बिळासाठी आहे.

या बिळातल्या नोकरीचा पुरावा आम्हाला गेल्या पावसाळ्यात मिळाला. पार्किंगमागच्या भिंतीलगत घुशींनी वसाहत केली होती. फरशा खचल्या, कुंड्या कलंडल्या, कमिटीने दोन मीटिंगा घेऊन चहा प्यायला. एका संध्याकाळी अक्का माझ्या हातातला पट्टा ओढत तिथे गेल्या, एका भोकाशी नाक लावलं आणि त्यांचा चेहराच बदलला. पुढच्या पंजांनी माती पोटाखालून मागे, माझ्या साडीवर. बघता बघता डोकं आत, खांदे आत, आणि बाहेर उरलं ते मागचं टोक आणि ताठ शेपूट. आतून आवाज असा, की जमीनच भुंकतेय. सेक्रेटरी, ज्यांनी अक्कांच्या भुंकण्याबद्दल आम्हाला लेखी पत्र दिलं होतं, ते धावत आले आणि दबक्या आवाजात विचारलं, “रोज आणता येईल का हिला?” घूस दुसऱ्या भोकातून निघून गेलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली. अक्कांना ते मान्य नव्हतं. मला मात्र घामच फुटला, कारण घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो आणि पावसाळ्यात तो कुत्र्यांनाही सोडत नाही. दरवर्षीच्या इंजेक्शनांत रेबीजबरोबर लेप्टोचंही आहे ना, हे मी त्या रात्री फाइल काढून दोनदा पाहिलं.

पावसाचं आणि या जातीचं अजिबात जमत नाही. आपल्याला पाणी घोट्यापर्यंत असतं तेव्हा यांचं पोट बुडालेलं असतं. जुलैमध्ये अक्का गेटपर्यंत येतात, आभाळाकडे बघतात, वळतात आणि घरी येऊन पायपुसण्यावर काम उरकतात. त्यांना बाहेरची सवय लावणं हा चिकाटीचा प्रकार आहे: ठरलेल्या वेळा, ठरलेली जागा, काम झाल्याक्षणी खाऊ. ओरडून काही होत नाही. ओरडलं तर एवढंच होतं की पुढच्या वेळी पायपुसणं सोडून पलंगाखालची जागा निवडली जाते. फिरून आल्यावर पोट, काखा आणि बोटांमधली जागा कोरडी करायची, गोचीड शोधायचे, आणि लोंबत्या कानांच्या आत वास येतोय का ते बघायचं. हे सगळं सासूबाई करतात. माझ्या मुलीचे केस त्यांनी इतक्या प्रेमाने कधी पुसल्याचं मला आठवत नाही.

या कुत्र्याचं खरं दुखणं मात्र पाठ. आखूड पाय देणारा जनुकांतला फरक शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये शोधला. तशाच दुसऱ्या एका फरकाने मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कडक होतात, हे पुढे कळलं. चारातल्या साधारण एका डॅशहाऊंडला हा त्रास होतो आणि चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. हे ऐकल्यापासून आमच्या घराचं वास्तुशास्त्र बदललं. सोफ्याला उतरण लागली. सुताराने ती प्लायवूडची केली, वर कार्पेटचा तुकडा चिकटवला आणि “आजींसाठी का?” असं विचारून सासूबाईंचा कायमचा रोष ओढवून घेतला. अक्कांनी उतरणीची पाहणी केली आणि तिच्याखाली आपलं बीळ केलं. वरून चालायला त्या तयार झाल्या, पण प्रत्येक फेरीला चुरमुऱ्याचं मानधन घेऊन. गळ्यातला पट्टा जाऊन छातीचा आला. जिना बंद झाला. उचलायचं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. पुढच्या पायांना धरून लोंबकळवणाऱ्या एका पाहुण्याला सासूबाईंनी उशी देऊन आधी सराव करायला लावला. ते गृहस्थ बँकेत मॅनेजर होते.

स्वभाव म्हणाल तर घरच्यांसाठी मऊ, परक्यांसाठी नाही. कुत्र्यांच्या जातींतल्या चिडखोरपणावर 2008 मध्ये अमेरिकेत मालकांना विचारून एक अभ्यास झाला. त्यात अनोळखी माणसांवर दात दाखवण्यात डॅशहाऊंड अव्वल निघाला, भल्याभल्या दांडग्या कुत्र्यांना मागे टाकून. म्हणून पिल्लू असतानाच माणसं, पोरं, घंटा, मिक्सर, फटाके यांची ओळख करून द्यायची. घरात रांगतं मूल असेल तर दोघांना एकटं सोडायचं नाही. ताटलीपाशी आणि पांघरुणात असताना अक्कांना आम्हीही हात लावत नाही.

आणि तरी लोक या जातीपुढे विरघळतात. छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन 1957 मध्ये पिकासोच्या घरी आपला डॅशहाऊंड घेऊन गेले. त्या लंपने घर बघितलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. पिकासोने वेलाझ्केझच्या जुन्या चित्राची आपल्या पद्धतीने मालिका काढली, तेव्हा मूळच्या भल्यामोठ्या कुत्र्याच्या जागी लंप उभा केला. म्युनिकने 1972 च्या ऑलिंपिकचं शुभचिन्ह केलं वाल्डी नावाच्या डॅशहाऊंडला, आणि मॅरेथॉनचा मार्गही त्याच्याच आकाराचा आखला. जगातले उत्तमोत्तम धावपटू बेचाळीस किलोमीटर एका कुत्र्याच्या बाह्यरेषेवरून धावले. अक्का दूध केंद्रापर्यंत चालतात आणि बसतात.

त्यामुळे वजन. पाठीवर भार नको म्हणून फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, असं डॉक्टरांनी बजावलंय. दाणे मोजून द्यायचे, कांदा-लसूण नाही, चॉकलेट नाही, द्राक्षं-बेदाणे तर मुळीच नाहीत, मूत्रपिंडं जातात. सासूबाईंनी सत्यनारायणाच्या शिऱ्यातून बेदाणे हद्दपार केले. शिरा मात्र हद्दपार केला नाही.

परवा वजनकाट्यावर अक्का बसल्या. त्या अशाच बसतात, उभ्या राहत नाहीत. डॉक्टरांनी आकडा बघून चष्मा काढला.

“आजी, हिला जादा काही देता का?”

“छे हो. उलट एकादशीला उपास असतो तिचा.”

“मग उपासाला काय देता?”

“भगर, रताळं,” सासूबाई म्हणाल्या, “आणि घशाला कोरड पडू नये म्हणून थोडं तूप.”